स्मरणरंजनातल्या मुली : १९५७ ते १९६५ आणि एका आवाजाची मालकी

रॉक-अँड-रोलच्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकांत एक ठरावीक परिच्छेद आढळतो. लिटल रिचर्ड १९५७ मध्ये धर्मकार्याकडे वळला, एल्व्हिस प्रेस्ली मार्च १९५८ मध्ये सैन्यात गेला, बडी हॉली ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात गेला, चक बेरीला त्याच वर्षाच्या अखेरीस अटक झाली. आणि मग फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला उतरेपर्यंत अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतात सांगण्याजोगे काही घडलेच नाही. मधली पाच वर्षे म्हणजे जणू मध्यंतर.

मित्रहो, आजचा धागा या मध्यंतराविषयी आहे. ज्या वर्षांना इतिहासकारांनी रिकामे ठरवले, त्याच वर्षांत तीन-चार शाळकरी मुलींनी एकत्र येऊन गाण्याची एक लाट अमेरिकाभर पसरली होती. ‘गर्ल ग्रुप’ या नावाने ती ओळखली जाते. आज या गाण्यांभोवती स्मरणरंजनाचे दाट धुके आहे : फुगवून उंच बांधलेले केस, एकसारखे झगे, एका लयीत हलणारे हात. त्या धुक्यात दिसेनासे झालेले प्रश्न दोन आहेत. गात कोण होते? आणि पैसे कोणाला मिळाले?

आरंभ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून करू. ‘बॉबेट्स’ हा पाच कृष्णवर्णीय मुलींचा गट. वये अकरा ते पंधराच्या आसपास. त्यांनी आपल्या शाळेतल्या एका शिक्षकावर गाणे रचले. हे शिक्षक त्यांना मुळीच आवडत नसत आणि मूळ गाणे त्यांची टर उडवणारे होते. अटलांटिक या कंपनीने सांगितले की शब्द बदला, मगच ध्वनिमुद्रण होईल. त्यामुळे १९५७ साली बाजारात आलेल्या ‘मिस्टर ली’ मध्ये तेच शिक्षक एकाएकी देखणे आणि हवेहवेसे झाले. गाणे देशाच्या पहिल्या दहांत पोहोचले. मुलींचा राग मात्र गेला नव्हता. पुढे त्यांनी त्याच शिक्षकाला गोळी घातल्याचे सांगणारे दुसरे गाणे काढले! या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली मला या छोट्या हकिकतीत दिसते. मुलींना काहीतरी म्हणायचे होते, ते प्रौढांच्या हातून संस्कारित होऊन बाहेर पडले, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती संस्कारित आवृत्ती.

त्याच वर्षी ब्रॉन्क्समधल्या ‘शांटेल्स’नी ‘मेबी’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. या मुली कॅथलिक शाळेतल्या, ग्रेगोरियन प्रार्थनागायनात घडलेल्या. मुख्य गायिका आर्लीन स्मिथ ऐन किशोरवयातली. पण तिच्या स्वरातली आर्तता ऐकताना तिच्या वयावर विश्वास बसत नाही. चर्चमधली शिस्त आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून गाण्याची पद्धत यांचा हा संगम पुढच्या सगळ्या गटांचा पाया ठरला.

लाटेला खरा जोर आला तो न्यू जर्सीतल्या पसेइक या गावातून. शर्ली ओवेन्स, डोरिस कोली, अ‍ॅडी ‘मिकी’ हॅरिस आणि बेव्हर्ली ली या चार वर्गमैत्रिणींनी शाळेतल्या गुणदर्शनाच्या कार्यक्रमासाठी ‘आय मेट हिम ऑन अ संडे’ हे गाणे स्वतःच रचले. वर्गातल्या मेरी जेन ग्रीनबर्गने आपल्या आईकडे त्यांची शिफारस केली. ही आई, फ्लॉरेन्स ग्रीनबर्ग, चारचौघींसारखी गृहिणी होती. संगीत व्यवसायाचा अनुभव शून्य. पण तिने मुलींचे ऐकले आणि पुढे १९५९ मध्ये ‘सेप्टर रेकॉर्ड्स’ ही कंपनी उभी केली. पूर्णतः पुरुषांच्या ताब्यात असलेल्या या धंद्यात एका मध्यमवयीन गृहिणीने स्वतःची कंपनी काढून चालवावी, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मुलींचा गट ‘शिरेल्स’ या नावाने प्रसिद्ध झाला.

१९६० च्या अखेरीस शिरेल्सचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ आले आणि जानेवारी १९६१ च्या शेवटी बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ यादीत पहिल्या स्थानी पोहोचले. कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हे स्थान मिळण्याची ही पहिलीच वेळ. गाण्याचा विषय थोडक्यात असा : आजच्या रात्रीच्या जवळिकीनंतर उद्या सकाळी प्रेम उरेल का, असे एक तरुणी विचारते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने संततिनियमनाच्या गोळीला मान्यता दिली तीही १९६० सालीच. शरीरसंबंधाचा निर्णय, त्याची जोखीम आणि त्याची किंमत हे विषय घराघरांत दबक्या आवाजात बोलले जात असताना एक मुलगी रेडिओवरून ते उघड विचारत होती, आणि मागे तिच्या मैत्रिणी स्वर धरून उभ्या होत्या.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. या गाण्याची चाल बांधली कॅरोल किंग हिने. तेव्हा ती अठरा वर्षांची होती, विवाहित होती आणि काही महिन्यांच्या मुलीची आई होती. शब्द मात्र तिच्या पतीचे, गेरी गॉफिनचे. म्हणजे मुलींच्या अंतरीचा हुंकार म्हणून ज्याचे कौतुक होते ते शब्द एका एकवीस वर्षांच्या पुरुषाने लिहिले होते. यामुळे गाण्याचा सच्चेपणा उणावतो का? माझ्या मते नाही. शर्ली ओवेन्सला हे गाणे सुरुवातीला पसंत नव्हते, ते तिला ग्रामीण ढंगाचे वाटले होते. पण ती ते गायली तेव्हा प्रश्न तिचा झाला. ऐकणाऱ्या लाखो मुलींचाही झाला. लेखक कोण, एवढ्यावरून गाण्याचा अर्थ ठरवणारे इतिहासलेखन गायिकेला अकारण मुकी करते.

गाणी तयार होत ती मॅनहॅटनमध्ये, ब्रॉडवेवरच्या ब्रिल बिल्डिंग आणि तिच्याजवळच्या १६५० क्रमांकाच्या इमारतीत. लहान लहान खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि त्यात दिवसभर गाणी रचणारी तरुण जोडपी : किंग आणि गॉफिन, सिंथिया वाइल आणि बॅरी मान, एली ग्रीनविच आणि जेफ बॅरी. तिन्ही जोड्यांत एक स्त्री आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या काळी अमेरिकेतल्या फारच थोड्या कारखान्यांत स्त्रियांना असा बरोबरीचा वाटा होता. कारखाना हा शब्द मुद्दाम वापरला आहे. रचनाकार, निर्माता, वादक, गायिका अशी कामाची वाटणी झालेली होती, आणि या साखळीत सर्वांत सहज बदलता येणारी कडी मानली गेली ती गायिकेची.

याचा सर्वांत निर्लज्ज पुरावा म्हणजे १९६२ चे ‘ही इज अ रेबेल’. निर्माता फिल स्पेक्टरच्या हाती हे गाणे आले तेव्हा दुसरी एक कंपनी तेच गाणे ध्वनिमुद्रित करत असल्याचे त्याला कळले. घाई होती. तो लॉस एंजेलिसमध्ये होता आणि त्याच्या कंपनीशी करारबद्ध असलेला ‘क्रिस्टल्स’ हा गट देशाच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हा त्याने तिथल्याच ‘ब्लॉसम्स’ या गटाला बोलावले. मुख्य आवाज डार्लीन लव्हचा. तबकडी बाहेर पडली ती क्रिस्टल्सच्या नावाने, आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये ती पहिल्या स्थानी पोहोचली. ज्यांनी ती गायली नव्हती त्या मुलींना आता मंचावर जाऊन ती ‘आपली’ म्हणून गावी लागली. आणि जिने गायली होती तिचे नाव कुठेच नव्हते.

आपल्याकडच्या वाचकाला पार्श्वगायनाची सवय असल्याने हा प्रकार कदाचित धक्कादायक वाटणार नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवरही आरंभी लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापले होते. पण आपल्या चित्रपटसंगीतात पुढे पार्श्वगायकांची नावे रूढ झाली. नट आणि आवाज वेगळे असतात हे प्रेक्षकांना ठाऊक होते. अमेरिकेतल्या श्रोत्यांना मात्र क्रिस्टल्स म्हणून जे ऐकू येते ते क्रिस्टल्सच, असेच वाटत राहिले.

डार्लीन लव्हची पुढची कथा अनेकांना ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या ऑस्करविजेत्या माहितीपटामुळे परिचित असेल. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली त्याच दिवशी, स्पेक्टरचा नाताळगीतांचा संच बाजारात आला. तिचे प्रसिद्ध नाताळगीत त्यातच होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी उपजीविकेसाठी ती लोकांच्या घरी साफसफाईची कामे करत होती, आणि अशाच एका घरात काम करत असताना तिला रेडिओवर स्वतःचे ते गाणे ऐकू आले, असे तिने सांगितले आहे. त्यानंतर ती पुन्हा मंचाकडे वळली. १९८६ पासून २०१४ पर्यंत जवळजवळ दरवर्षी तिने डेव्हिड लेटरमनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते गाणे गायले. अमेरिकन प्रेक्षकांसाठी हा नाताळचा एक गोड विधी झाला. पण या विधीच्या मागे साफसफाईची बादली आहे, आणि नव्वदच्या दशकात मानधनासाठी स्पेक्टरविरुद्ध लढवलेला खटलाही आहे.

आता ‘रॉनेट्स’कडे वळू, कारण येथे साधनसामग्री भक्कम आहे : न्यायालयाचा निकाल. व्हेरोनिका उर्फ रॉनी बेनेट, तिची बहीण एस्टेल आणि मावसबहीण नेड्रा टॅली या न्यूयॉर्कच्या तिघींनी १९६३ मध्ये स्पेक्टरच्या ‘फिलीझ रेकॉर्ड्स’शी दोन पानी करार केला. त्याच वर्षी ‘बी माय बेबी’ आले. हॅल ब्लेनच्या ढोलाचे ते आरंभीचे ठोके, एकाच खोलीत दाटीवाटीने बसवलेले वादक, प्रतिध्वनीच्या खोलीतून घुमवलेला नाद. स्पेक्टरची ‘ध्वनीची भिंत’ ती हीच. गाणे दुसऱ्या स्थानापर्यंत गेले. ‘बीच बॉइज’चा ब्रायन विल्सन ते प्रथम ऐकताना इतका भारावला की त्याने गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. जानेवारी १९६४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर रॉनेट्स गेल्या तेव्हा त्यांच्या आधी गाणारा, दुय्यम मानाचा गट होता ‘रोलिंग स्टोन्स’.

या साऱ्यातून तिघींना मिळाले काय? न्यायालयाच्या नोंदीनुसार तिघींत मिळून सुमारे १५,००० डॉलरची एकरकमी आगाऊ रक्कम. विक्रीवरचे मानधन : शून्य. १९६७ मध्ये गट मोडला. रॉनीने १९६८ मध्ये स्पेक्टरशी विवाह केला. त्या घरात ती जवळजवळ कैदेत होती आणि १९७२ मध्ये अनवाणी पळून सुटली.

१९८७ मध्ये ‘डर्टी डान्सिंग’ हा चित्रपट आला. साठच्या दशकातल्या उन्हाळ्याची ती रंगीत आठवण, आणि तिच्या आरंभालाच ‘बी माय बेबी’. स्मरणरंजनाचा बाजार तेजीत होता. जुनी गाणी चित्रपटांना आणि जाहिरातींना विकून चांगली कमाई होत होती. त्याच वर्षी तिघींनी दावा दाखल केला. खालच्या न्यायालयाने व्याजासह सुमारे तीस लाख डॉलर देण्याचा आदेश दिला. पण २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्यातला महत्त्वाचा भाग रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, १९६३ च्या करारात ध्वनिमुद्रणांची संपूर्ण मालकी कंपनीला दिलेली होती आणि चित्रपट-दूरचित्रवाणीच्या वापराचा हक्क गायिकांनी स्पष्ट शब्दांत राखून ठेवलेला नव्हता. म्हणून त्या उत्पन्नात त्यांचा वाटा नाही. विक्रीवरचे मानधन तेवढे कराराप्रमाणे द्यावे. म्हणजे १९६३ मध्ये विशीच्या उंबरठ्यावरच्या तिघींनी आपला आवाज पुढे कोणकोणत्या माध्यमांत विकला जाईल याचा विचार करून तसे लिहून घ्यायला हवे होते! कायद्याच्या दृष्टीने निकाल तर्कसंगत असेलही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी तो वाचतो तेव्हा त्या दोन पानांवर सही करणाऱ्या मुलींचेच चित्र डोळ्यांसमोर येते.

शिरेल्सचा अनुभव वेगळा नव्हता. मुलींचे उत्पन्न त्या एकवीस वर्षांच्या होईपर्यंत विश्वस्त निधीत सुरक्षित ठेवले आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. वय झाले, निधी मागितला, तर असा निधीच अस्तित्वात नव्हता. दावे-प्रतिदावे झाले आणि १९६५ मध्ये तडजोड झाली. आधी ज्या ग्रीनबर्गबाईंचे मी कौतुक केले, त्यांचीच ही कंपनी. स्त्रीने चालवलेली कंपनी स्त्रियांना न्याय देईलच, असा सोपा नियम या इतिहासात सापडत नाही.

मोटाउन या डेट्रॉइटच्या कंपनीत शिस्त अधिक होती. मॅक्सिन पॉवेल या बाई मुलींना उठणे-बसणे-बोलणे शिकवीत. कृष्णवर्णीय मुलींनी गोऱ्यांच्या उंची नाट्यगृहांत सन्मानाने वावरावे, हा त्यामागचा हेतू. आज त्या एकसारख्या झग्यांकडे केवळ ‘गोंडस’ म्हणून पाहणाऱ्यांना त्यातली ही राजकीय बाजू दिसत नाही. ‘मार्व्हलेट्स’च्या ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ने डिसेंबर १९६१ मध्ये मोटाउनला हॉट १०० वरचे पहिले अग्रस्थान मिळवून दिले. ढोलावर होता तरुण मार्व्हिन गे. गाण्याला आकार देणाऱ्यांपैकी एक, जॉर्जिया डॉबिन्स, ध्वनिमुद्रणाच्या आधीच गटातून बाहेर पडली; घरून, वडिलांकडून परवानगी मिळाली नाही. आणि संचाच्या मुखपृष्ठावर गायिकांचे छायाचित्र नव्हतेच. होती कोळिष्टके लागलेली एक टपालपेटी. दक्षिणेतल्या दुकानांत कृष्णवर्णीय चेहरे मांडण्याची अडचण नको म्हणून कंपन्या तेव्हा अशा युक्त्या करीत.

आणखी एक गोष्ट संशोधकांच्या उपयोगाची. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने कृष्णवर्णीय श्रोत्यांची स्वतंत्र ‘आर अँड बी’ यादी छापणेच थांबवले होते. त्यामुळे ऐन भराच्या काळात या गटांना त्यांच्या स्वतःच्या समाजात किती मान होता, याची बिलबोर्डमधली आकडेवारीच उपलब्ध नाही. आठवणींवर भिस्त ठेवावी लागते ती अशा ठिकाणी.

बीटल्सनी या गटांना संपवले, ही दंतकथा तर आकड्यांवर टिकत नाही. बीटल्सच्या पहिल्या दोन संचांत गर्ल ग्रुपांची तब्बल पाच गाणी आहेत : शिरेल्सची ‘बॉइज’ आणि ‘बेबी इट्स यू’, कुकीजचे ‘चेन्स’, मार्व्हलेट्सचे ‘प्लीज मिस्टर पोस्टमन’ आणि डोनेजचे एक. चार तरुण पोरे मुलींची गाणी गात मोठी झाली होती. जून १९६४ मध्ये अमेरिकेत बीटल्सच्याच ‘लव्ह मी डू’ला अग्रस्थानावरून खाली खेचले ते ‘डिक्सी कप्स’ या मुलींनी. त्याच वर्षअखेरीस ‘शांग्री-लाज’चे ‘लीडर ऑफ द पॅक’ अग्रस्थानी होते, आणि ‘सुप्रीम्स’नी तर १९६४-६५ मध्ये सलग पाच गाणी पहिल्या क्रमांकावर नेली. एकूण बारा. मग बदलले काय? गायकाने गाणे स्वतः लिहावे, वाद्य स्वतः वाजवावे, ही नवी कसोटी आली; आणि समीक्षकांनी ती मागील वर्षांनाही लावली. त्या कसोटीवर या मुली ‘कृत्रिम’ ठरल्या. एल्व्हिसने आपली गाणी लिहिली नव्हती, याचा मात्र सोयीस्कर विसर पडला.

सुप्रीम्सची संस्थापक सदस्य फ्लॉरेन्स बॅलर्ड हिला १९६७ मध्ये गटातून काढण्यात आले. तडजोडीच्या अटींमुळे पुढील कारकिर्दीत स्वतःला ‘सुप्रीम्सची माजी गायिका’ म्हणवून घेण्याचीही तिला मुभा नव्हती. १९७६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ती गेली.

नावाचा हा प्रश्न स्मरणरंजनाच्या बाजारात आणखी चिघळला. ऑक्टोबर १९६९ मध्ये रिचर्ड नेडरने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या रॉक-अँड-रोलचा मेळा भरवला आणि हा धंदा उघडला. १९७३ चा ‘अमेरिकन ग्राफिटी’, मग ‘जुनी सोनेरी गाणी’ वाजवणारी रेडिओ केंद्रे. मागणी वाढली तसे एकाच नावाचे अनेक गट देशभर फिरू लागले आणि त्यांत मूळची एकही गायिका नसे. मार्व्हलेट्सची मूळ गायिका ग्लॅडिस हॉर्टन हिला स्वतःच्याच गटाच्या नावासाठी झगडावे लागले. अखेर सुप्रीम्सच्या मेरी विल्सन आदींच्या प्रयत्नांतून ‘ट्रुथ इन म्युझिक’ कायदे झाले : पहिला पेन्सिल्व्हेनियात, २००५ मध्ये, आणि नंतर तीसहून अधिक राज्यांत. गटात मूळचा कोणी नसेल तर जुने नाव मिरवता येणार नाही. विल्सनचे हे काम तिच्या बारा अग्रस्थानांइतकेच मोलाचे मानायला हवे.

यावरून स्मरणरंजन म्हणजे निव्वळ फसवणूक, असा निष्कर्ष काढायची घाई नको. अभ्यासक सुझन डग्लस यांनी १९९४ च्या ‘व्हेअर द गर्ल्स आर’ या पुस्तकात शिरेल्सना एक अख्खे प्रकरण दिले आहे. त्यांचा युक्तिवाद असा की, याच गाण्यांनी त्या पिढीच्या मुलींना आपल्या गोंधळाला सामुदायिक आवाज दिला आणि पुढच्या स्त्री चळवळीची मनोभूमी तयार केली. मला हे पटते. या गाण्यांची घडणच मैत्रिणींच्या खलबताची आहे : एक सांगते, बाकीच्या विचारतात, चिडवतात, बजावतात. शिवाय ऑगस्ट १९६३ मध्ये, दंगली आणि बॉम्बस्फोट ताजे असताना, बर्मिंगहॅममध्ये नागरी हक्क चळवळीसाठी झालेल्या कार्यक्रमात शिरेल्स गायला गेल्या होत्या. ‘निरागस काळ’ म्हणून जो आठवला जातो त्याचे हे दुसरे अंग.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पसेइकमध्ये शाळेजवळच्या रस्त्याच्या एका भागाला ‘शिरेल्स बुलेव्हार्ड’ हे नाव देण्यात आले. 

ज्यांना ऐकण्यापासून सुरुवात करायची आहे त्यांनी ‘ही इज अ रेबेल’ आणि १९६३ चे ‘डा डू रॉन रॉन’ ही गाणी लागोपाठ लावावीत. दोन्हींवर नाव क्रिस्टल्सचेच आहे. पहिला आवाज डार्लीन लव्हचा, दुसरा डोलोरेस ‘लाला’ ब्रुक्सचा. हेडफोन लावून ऐकलेत तर फरक दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच कळेल.